सातवा ठोका कोणाचा

मी, खाली सही करणारी, वय चोपन्न, धंदा वाफेच्या इस्त्रीचा, हा कागद माझ्या हाताने, माझ्या पेनाने, दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे मोजायच्या टेबलावर बसून लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, गोड बोलून गुंडाळलेलं नाही. तसं कोणी करायला आलं असतं तर त्याचं काय झालं असतं ते गल्लीला विचारा. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधं आहे. इतक्या वेळा म्हणाले की मला शंका आली. म्हणून हे मृत्युपत्र.

वकीलबाई म्हणाल्या, मी टाइप करून देते. मी नको म्हटलं. टाइप केलेल्या कागदात कोण कधी काय घुसडेल, सांगता येत नाही. माझं अक्षर चौथीपर्यंतचं आहे, वाकडं आहे, पण त्याची नक्कल कोणाच्या बापाला जमायची नाही. पानांवर आकडे मीच टाकते आहे आणि शेवटी एकूण किती ते लिहीन. एखादं पान जास्त निघालं तर ते माझं नाही.

वकीलबाईंनी दोन गोष्टी बजावल्यात. एक, खाडाखोड करायची नाही. मन बदललं तर पुढे नवीन कलम लिहायचं, मागचं तसंच ठेवायचं. दोन, साक्षीदार असे घ्यायचे ज्यांना यातलं काही मिळत नाही. मी समोरचा चाव्या करणारा आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई असे दोघं घेतलेत. जिन्यातल्या पाटीवरून सहा वर्षं त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. म्हणूनच घेतले. ते मिळून काही करायचे नाहीत.

कलम एक. याआधी मी कधीही मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या धाकट्या दिराकडे एखादं निघालं तर ते खोटं समजावं. त्याच्याकडे काहीही निघू शकतं.

कलम दोन. दुकान, बॉयलर, दोन टेबलं, हातातल्या तीन इस्त्र्या आणि वाफेचा पायाने चालवायचा प्रेस हे सगळं माझ्याबरोबर चौदा वर्षं दुसऱ्या टेबलावर उभी राहणाऱ्या बाईला द्यावं. ती माझी कोणी लागत नाही. कामाला हात चांगला आहे आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. तिला एकच ताकीद: हॉटेलचे रुमाल आले की आधी ओले किती ते बघायचं. हॉटेलवाला ओले पाठवतो आणि वर म्हणतो उशीर का झाला.

कलम तीन. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला. एकुलती एक आहे. तिचं माझं सध्या बोलणं नाही, पाच महिने झाले, ते का ते पुढे येईल. पण पोटच्या पोरीला छपराबाहेर ठेवण्याइतकी मी वाईट नाही. बँकेत जे असेल त्यातून आधी बॉयलरचा व्हॉल्व्ह बदलावा. उरेल ते मुलीचं.

कलम चार. माझ्या दिराला, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या भावाला, नवऱ्याची ड्रम ठेवायची तपकिरी पेटी द्यावी. रिकामी. ती रिकामी का आहे ते त्याला माहीत आहे. नवरा जाऊन तेरावा दिवस उलटला नव्हता, मी माणसांना चहा देत होते, आणि या महाशयांनी मागच्या दाराने नवऱ्याचा ड्रमचा सगळा संच हातगाडीवर घालून नेला आणि विकला. विचारलं तर म्हणतो, "वहिनी, तुम्हाला त्याचा काय उपयोग? तुम्हाला थोडंच वाजवता येतं?" अकरा वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलेलं नाही. हे उत्तर आहे.

कलम पाच. आता टेपच्या रिळांचं.

माझा नवरा ड्रम वाजवायचा. लग्नात वाजवतात तसं नाही. चौघांचा बँड होता आणि ते जे वाजवायचे त्याला जॅझ रॉक फ्यूजन म्हणतात, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तोवर मी त्याला गोंधळ म्हणायचे. गिटार भांडल्यासारखी, बास पोटात शिरणारा, आणि वरती एकजण पेटी वाजवणार. ती पेटी नाही, कीबोर्ड आहे, असं तो मला दर वेळी सांगायचा, म्हणून मी त्याला पेटीवाला म्हणायला लागले ते आजपर्यंत. बँडचा म्होरक्या तोच.

त्यांना स्टुडिओ परवडायचा नाही. माझ्या मागच्या खोलीत धुतलेल्या चादरी टांगलेल्या असायच्या. नवऱ्याच्या लक्षात आलं की चादरींमध्ये आवाज घुमत नाही. झालं. आठ रविवार दुपारी ते चौघं, दोरीवरच्या चादरी, आणि भाड्याने आणलेलं टेपचं मशीन. मी पलीकडे प्रेसवर हॉटेलचे रुमाल काढत होते, कारण हॉटेलला रविवार नसतो.

पहिल्याच दिवशी पेटीवाला माझ्याकडे आला. "वहिनी, तासभर ते मशीन बंद ठेवता का? फुस्स फुस्स आवाज येतो."

मी म्हटलं, "संध्याकाळी तीनशे रुमाल द्यायचेत. तू घड्या घालतोस?"

तो नवऱ्याकडे गेला. नवरा चादरीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिला. मग आत गेला आणि वाजवायला लागला. मला वाटलं, चिडला. आठही रविवार मला वाटत होतं की हा मनातून चिडलेला आहे आणि बोलत नाही. मग मी मुद्दाम आणखी ठोकून प्रेस मारायचे.

त्या वाजवण्याची चार रिळं झाली. पुढे एक रेकॉर्ड निघाली, पण ती या रिळांवरून नाही. पेटीवाल्याने कुठूनतरी स्टुडिओ मिळवला आणि सगळं परत वाजवून घेतलं. तिच्या कव्हरवर चौघांचे चेहरे आहेत. माझा नवरा कडेला आहे आणि अर्धा सावलीत आहे. मागे लिहिलंय, सगळं संगीत पेटीवाल्याचं. नवरा म्हणाला, जाऊ दे. तो सगळ्यालाच जाऊ दे म्हणायचा. बँड मोडला, पेटीवाला मोठ्या शहरात गेला, नवरा दुसऱ्यांच्या मागे वाजवत राहिला, आणि एक दिवस छातीत कळ आली आणि गेला. ड्रम दिराने नेले ते वर लिहिलंच आहे. म्हणजे माझ्या नवऱ्याचा हात, त्याच्या मनासारखा चाललेला, आता जगात कुठे शिल्लक असेल तर या चार रिळांत आहे. दुसरीकडे नाही. हे वाचणाऱ्याने नीट लक्षात ठेवावं.

चारही डब्यांच्या झाकणावर नवऱ्याने पेन्सिलीने एकच खूण काढली आहे: सहा उभ्या रेघा आणि शेवटी एक गोल. खाली काही लिहिलेलं नाही. मी बरीच वर्षं विचार केला. एकदा वाटलं, उधारी असेल. एकदा वाटलं, कोणी बाई असेल. शेवटी म्हटलं, सहा रेघा म्हणजे आठवड्यातले बँडला दिलेले सहा दिवस, आणि गोल म्हणजे माझ्या वाट्याला काय आलं ते.

कलम सहा. पुन्हा बजावते की मी शुद्धीत आहे, कारण हे कलम कडक आहे.

माझ्याकडे एक रेकॉर्डवाला गिऱ्हाईक आहे. जुन्या-नव्या रेकॉर्डी विकतो, दर शुक्रवारी सहा शर्ट आणतो आणि त्या आठवड्यात फ्यूजनचे कोणते नवीन अल्बम आले त्याची यादी मला वाचून दाखवतो, मी न विचारता. नवरा गेल्यापासून तो हे करतो. दया म्हणून करतो की पैसे कमी घ्यावेत म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. गेल्या वर्षी म्हणाला, "ताई, आता नवीन अल्बमपैकी निम्मे जुनेच असतात. बँड म्हातारे झाले, काही गेले. मग कपाटातल्या टेपा काढतात आणि नवीन म्हणून विकतात. वर कॉम्प्युटरवर ड्रम बदलतात. माणूस मेलेला, हात दुसऱ्याचा, नाव मेलेल्याचं. कळतसुद्धा नाही."

मी म्हटलं, "ज्याला कळायचं त्याला कळतं."

त्यानंतर महिन्याभरात पेटीवाला आला. वीस वर्षांत पहिल्यांदा, हातात फुलं. म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडची रिळं बाहेर काढू या. त्याच्या नावाने करू." जो माणूस माझ्या नवऱ्याला हयातीत सावलीत उभा करतो तो त्याला मेल्यावर उजेडात आणणार, हे मला पटलं नाही. झाकणावरच्या रेघा आणि गोल दाखवून विचारलं, हे काय आहे. म्हणाला, "मला नाही आठवत." त्याला स्वतःचं नाव सोडून फारसं आठवत नाही. मी फुलं ठेवून घेतली आणि त्याला पाठवला.

मग मुलगी. ती आवाजाच्या स्टुडिओत काम करते, बिघडलेल्या जुन्या टेपा साफ करून देणं हेच तिचं काम. बापाचा कान तिच्यात आहे, माझी जीभ तिच्यात आहे. ती म्हणाली, "आई, पेटीवाल्यांना नको देऊ. मला दे. एकच दे, ऐकू तर दे." मी पहिलं रीळ दिलं. तिथेच चुकले.

तीन आठवड्यांनी रेकॉर्डवाला शुक्रवारची यादी घेऊन आला. छापलेली. त्यात माझ्या नवऱ्याच्या बँडचं नाव. "नवीन अल्बम, लवकरच." माझ्या कपाटातल्या वस्तूची जाहिरात मला गिऱ्हाइकाकडून कळली.

मुलीला बोलावलं. ती म्हणाली, जाहिरात पेटीवाल्यांनी घाई करून दिली, मी फक्त त्यांना ऐकवलं. मी म्हटलं, मलाही ऐकव. तिने मोजायच्या टेबलावर, हे लिहिते आहे त्याच टेबलावर, स्पीकर ठेवला आणि लावलं.

पहिल्या मिनिटात मला कळलं. वाजवणारा लंगडत होता. प्रत्येक फेरीत शेवटी पाय खड्ड्यात पडल्यासारखं व्हायचं. माझा नवरा काहीही असेल, पण लंगडत नव्हता. मी उभ्या उभ्या म्हटलं, "हे तुझ्या बापाचं नाही."

"आई, काय बोलतेस? एक ठोकासुद्धा हलवलेला नाही मी."

"बदललात तुम्ही. त्याने सांगितलं आणि तू बदललंस."

"मी बाबांचे ड्रम बदलीन? मी?"

"मग हे काय आहे? हे शेवटी काय होतंय?"

"साताचा ताल आहे तो. तसाच असतो. तुला कळतं का त्यातलं?"

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. तिचा काका तेच बोलला होता. मी दार दाखवलं. ती गेली, पहिलं रीळ टेबलावर आपटून गेली. तेव्हापासून पाच महिने ती नाही, तिचा फोन नाही, माझाही नाही.

म्हणून मी लिहून ठेवते की ही चार रिळं मुलीला मिळणार नाहीत, पेटीवाल्याला मिळणार नाहीत, रेकॉर्डवाल्यालाही नाहीत. मी गेल्यावर चाव्या करणाऱ्याने ती साक्षीने बॉयलरच्या भट्टीत घालावीत, डब्यांसकट. बाकी काही राहिलं नाही तरी चालेल, पण त्याच्या नावावर दुसऱ्याचा हात मी विकू देणार नाही. रिळं कुठे आहेत ते इथे लिहीत नाही. चाव्यावाल्याला वेगळं पाकीट देईन, बंद करून, चिकटवलेल्या जागेवर माझा अंगठा.

कलम सात. इथून शाई वेगळी आहे, कारण दिवस वेगळा आहे. वर लिहिलं तो मंगळवार, हा शनिवार. शाई बदलली म्हणून कोणी शंका काढू नये. शंका काढायचं काम माझं आहे.

काल काय झालं ते मी क्रमाने लिहिते, कारण पुढचं कलम त्यावर उभं आहे. वकीलबाई म्हणतील की मृत्युपत्रात कशाला. कागद माझा आहे.

दुपारी मी प्रेसवर होते. हॉटेलचे रुमाल. मुलगी दारात उभी राहिली. मागून एका टेम्पोवाल्याने जुनं रिळांचं मशीन आणून ठेवलं आणि गेला. मी मान वळवली नाही. दुसऱ्या टेबलावरची बाई एकदम जमिनीकडे बघायला लागली, त्यावरून ऑपरेशनचं कोणी सांगितलं ते कळलं. चौदा वर्षं विचारल्याशिवाय बोलली नाही आणि बोलली ती नेमकी हे. तरी कलम दोन मी बदलत नाही.

मुलगी म्हणाली, "ऑपरेशन आहे आणि मला सांगत नाहीस?"

मी म्हटलं, "तू डॉक्टर आहेस का?"

"आई, मी भांडायला नाही आले."

"मग कशाला आलीस? मृत्युपत्र बघायला?"

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "एकदा परत ऐक. मी बाजूला उभी राहते, एक शब्द बोलत नाही. तुला जिथे बदललंय वाटतं तिथे हात वर कर. मी तिथल्या तिथे मूळ रीळ लावून दाखवते. एवढंच. मग जाते."

मी म्हटलं, "माझे रुमाल थांबणार नाहीत."

"नको थांबवूस."

तिने तिचं साफ केलेलं लावलं. मी पाठ करून रुमाल टाकत होते. रुमाल टाकायचा, वरचा पत्रा खाली, पायाने पेडल, फुस्स, पत्रा वर, रुमाल काढायचा. अठ्ठावीस वर्षं एकच चाल आहे माझी, ती झोपेतही चुकत नाही. सुरुवातीला वाजत होतं ते कानावर येत नव्हतं. मग यायला लागलं. आणि मी हात वर करायची वाट बघतेय, बघतेय, आणि हात वर करायला जागाच मिळेना. लंगडत नव्हता. सरळ चालला होता. तोच होता, नवरा, जिना चढताना दोन पायऱ्या एकदम घ्यायचा तसा.

मला वाटलं, पोरीने रीळ बदललं. फसवते आहे. म्हणून मी रागाने पाय उचलला आणि वळले.

आणि तो खड्ड्यात पडला.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या पायाकडे बघत होती. म्हणाली, "आई. परत मार."

मी पेडल मारलं. चाल पकडली. सरळ. पाय उचलला. खड्डा. परत मारलं. सरळ.

दुसऱ्या टेबलावरच्या बाईने इस्त्री उभी करून ठेवली. न सांगता. हे मी तिला कधी करताना पाहिलेलं नाही.

मूळ पहिलं रीळ तेव्हापासून गल्ल्यातच होतं; मी काढून दिलं, मुलीने मशीनवर चढवलं. साफ न केलेलं. तिथे ऐकू येत होतं, चादरींच्या मागून, लांबून, पण ठरल्या जागी: सहा ठोके नवऱ्याचे आणि सातव्याला फुस्स. सहा त्याचे, एक माझा. सगळ्या गाण्यात एकदाही त्याने सातवा वाजवलेला नाही. एक रुमाल म्हणजे सात ठोके. माझ्या रुमालांवर त्याने तो अख्खा ताल बसवला होता, आणि मी मेली, तो चिडलाय समजून जोरात ठोकत होते.

मुलगी खाली स्टुलावर बसली. तोंड पांढरं. "मला वाटलं, टेपचा फुसफुसाट आहे. जुन्या टेपांना असतो. मी कॉम्प्युटरला तो एकदा दाखवला आणि सांगितलं, हा जिथे असेल तिथे काढ."  मग म्हणाली, "आई, मी बाबांना नाही काढलं. तुला काढलं."

मी म्हटलं, "मलाही कुठे कळलं मी होते ते." आणि हे खरं आहे. रोज करते त्या कामाचा आवाज कोणाला ऐकू येतो? त्या सहा रेघा आणि गोल मी वीसेक वर्षं बघत आले. जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, त्या गोलात मी आहे असा एकदाही घेतला नाही.

मग मी मुलीला भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि बाकीची तीन रिळं काढली. जागा तिलाही दाखवलेली नाही. काल एक चांगली गोष्ट झाली म्हणून मी लगेच बावळट झालेले नाही.

दुसरं, तिसरं तसंच. सातव्याला मी. चौथं लावलं आणि फुस्स नाही.

मला आठवलं. त्या रविवारी हॉटेलची गाडी बंद पडली होती आणि रुमाल मी स्वतः पोचवायला गेले होते. रिळाच्या सुरुवातीला बोलणं आहे. पेटीवाल्याचा आवाज, तरुण, ओळखू येतो: "आज ती फुसफुस नाही, सुटलो. आता सातवा घे की तू."

मग माझा नवरा. अकरा वर्षांनी. घसा खाकरला, तो नेहमी खाकरायचा, आणि म्हणाला, "नाही. ती जागा तिची आहे. राहू दे."

आणि वाजवायला लागला. सहा. मग काही नाही. परत सहा. मग काही नाही. अख्खं गाणं त्याने ती जागा मोकळी ठेवली आहे. मी तिथे नव्हते तरी.

मी प्रेस बंद केला. हॉटेलचे रुमाल उशिरा गेले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

कलम आठ. कलम सहामधलं रिळं जाळण्याचं रद्द. खोडलेलं नाही, वकीलबाईंनी सांगितलं तसं, पण रद्द म्हणजे रद्द. चाव्यावाल्याने पाकीट न उघडता मुलीला द्यावं. चारही रिळं मुलीची. अल्बम काढायचा की नाही, कधी, कोणाबरोबर, ते तिने ठरवावं. पण माझ्या अटींवर:

पहिली तीन रिळं आहेत तशी यावीत. वाफेला हात लावायचा नाही. कोणी म्हणालं आवाज खराब आहे, तर त्याला सांगावं की तो आवाज नाही, तो वाजवणारी आहे.

कव्हरवर कोणी सावलीत नको. एक तर सगळे उजेडात, नाहीतर फोटोच नको, चादरीचा लावा.

मागच्या बाजूला ड्रम, त्याचं नाव, आणि त्याच ओळीत वाफेचा प्रेस, माझं नाव. पेटीवाल्याच्या अक्षराएवढंच अक्षर. मुलीने पट्टी लावून मोजावं.

पेटीवाल्याबद्दल. तो त्या खोलीत होता, त्याने ते वाक्य कानाने ऐकलं होतं, आणि मला म्हणाला आठवत नाही. विसरला की खोटं बोलला ते मला ठरवता आलेलं नाही. दोन्हीची सोय करते. विसरला असेल तर त्याला चौथ्या रिळाच्या सुरुवातीचं ते बोलणं ऐकवावं. खोटं बोलला असेल तरी तेच ऐकवावं, पण दोनदा. आणि ते बोलणं अल्बममधून काढायचं नाही, "सुटलो"सकट.

रेकॉर्डवाल्याला पहिली प्रत फुकट. तो त्याच्या यादीत वाचेल तेव्हा ती माझ्या दुकानात उभं राहून, मोठ्याने वाचावी. मी असेन नसेन.

कलम नऊ, शेवटचं. चौथ्या रिळातली मोकळी जागा.

काल निघताना मुलगी दारातून परत आली. म्हणाली, "आई, माईक बॅगेत आहे. प्रेस अजून गरम आहे. चौथ्यावर आत्ताच मारतेस का तुझा सातवा? दहा मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "आत्ताच का?"

"अशीच."

"अशीच नाही. त्या सोमवारनंतर मी नसेन असं वाटतंय तुला."

ती नुसती माईकची वायर बोटाला गुंडाळत राहिली. मला राग आला होता, तो तिच्या बोटाकडे बघून गेला. ती सहा वर्षांची असताना चादरीची दोरी अशीच गुंडाळायची.

मी म्हटलं, "ऑपरेशन होऊन आले की मारीन. डॉक्टर म्हणतात साधं आहे. तर मग घाई कसली?"

"आणि नाही आलीस तर?" हे तिने विचारलं. सरळ. माझीच आहे.

मी तिला उत्तर दिलं नाही, ते इथे देते. कायद्याचं बळ असलेल्या कागदावर देते, म्हणजे कोणाला वळवता येणार नाही.

मी परत आले तर चौथ्या रिळावरचा सातवा मी स्वतः मारीन, त्याच प्रेसवर, उभी राहून, खरे रुमाल टाकून. नुसती वाफ सोडायची नाटकं करणार नाही. तोवर प्रेस विकायचा नाही, पेडल बदलायचं नाही. कलम दोन त्यानंतर लागू.

मी परत आले नाही तर त्या जागेत काही भरायचं नाही. दुसऱ्या रिळातली माझी वाफ उचलून तिथे चिकटवायची नाही, कॉम्प्युटरला सांगायचं नाही, मुलीने रडून स्वतः पेडल मारायचं नाही, दुसऱ्या टेबलावरच्या बाईनेही नाही. ऐकणाऱ्याचा पाय खड्ड्यात पडला तर पडू दे. त्याला वाटेल वाजवणारा चुकला. चुकलेला नाही. मी रुमाल पोचवायला गेले आहे आणि तो माझ्यासाठी थांबला आहे. रिळात तो म्हणालाय तसंच: राहू दे.

वरचं सगळं मी परत वाचलं. मला ते मान्य आहे. एकूण पानं अकरा. बारावं निघालं तर दिराला विचारा.

लिहून ठेवणारीची सही, आणि शेजारी डाव्या हाताचा अंगठा, इस्त्रीचा चट्टा आहे तो. त्याची नक्कल करून दाखवावी.

साक्षीदार एक: समोरचा चाव्या करणारा. माझ्यासमोर सही झाली. पाकीट मिळालं, उघडलेलं नाही.

साक्षीदार दोन: वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. माझ्यासमोर सही झाली. सही करणारी शुद्धीत आहे, गरजेपेक्षा जास्त.

स्थळ: दुकानाची मागची खोली, मोजायचं टेबल. चादरी टांगलेल्या आहेत.
दिनांक: शनिवार, ऑपरेशनच्या नऊ दिवस आधी. प्रेस चालू.